पक्षीपालक मंडळाच्या बैठकीत करायचे काय?

गावात पक्षीपालक मंडळ काढणे फारसे अवघड नाही. चार घरांच्या ओसरीत लव्हबर्डचे पिंजरे टांगलेले असतात, दोन-तीन पोरांनी माळवदावर कबुतरांची ढाबळ केलेली असते, आणि कोंबड्या तर घरोघर. एका संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसे जमतात, अध्यक्ष-चिटणीस ठरतात, पेढे वाटले जातात. दुसऱ्या बैठकीला बारा येतात. तिसऱ्या बैठकीला चिटणीस एकटाच सतरंजी अंथरून वाट पाहतो.

असे का होते? माझ्या नोकरीत महिला मंडळे, युवक मंडळे, चर्चामंडळे पुष्कळ पाहिली. माणसे आळशी नसतात. बैठकीला गेल्यावर हाताला काम नाही आणि येताना पदरात काही नाही, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा कोणी जात नाही. शेतकऱ्याची संध्याकाळ स्वस्त नसते. म्हणून मंडळ काढण्याआधीच बारा महिन्यांच्या बारा बैठकांत काय करायचे ते कागदावर उतरवा.

त्यातले पहिले काम कोणते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. लसीकरणाचा दिवस. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी. हिरवट-पांढरी हगवण, धाप, मान पिरगळलेली, आणि चार दिवसांत खुराडे रिकामे. रोग जडल्यावर औषध नाही, आधी लस हाच उपाय. पण लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती फोडणे एकट्या घराला परवडत नाही. म्हणून लस राहते, आणि उन्हाळ्यात घरच्या बाईच्या मिठामिरचीचे पैसे मातीत जातात. वीस घरे एकत्र आली की तीच बाटली पुरेपूर वापरली जाते. मंडळाचा याहून मोठा उपयोग मला सांगता येणार नाही.

कोणी म्हणेल, “आमच्याकडे तर पिंजऱ्यातले पक्षी आहेत, आमचा कोंबड्यांशी काय संबंध?” संबंध आहे. मानमोडी पिंजऱ्यातील पक्ष्यांनाही होऊ शकते, आणि कबुतरांत मान वाकडी करणारा रोग त्याच कुळातला आहे. शेजारचे खुराडे निरोगी तर तुमचा पिंजरा सुरक्षित.

ही बैठक माघात, ऊन तापण्याआधी घ्या. महिनाभर आधी चिटणीसाने घरोघर पक्षी मोजावेत आणि तो आकडा पशुवैद्यकीय दवाखान्यात देऊन तारीख पक्की करावी. आठवडाभर आधी जंताचे औषध पाजावे. आदल्या रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवाव्यात, म्हणजे सकाळी वाड्यावाड्यांतून त्यांच्यामागे धावावे लागत नाही. बर्फ कोण आणणार, पक्षी कोण धरणार, नोंद कोण लिहिणार, ही नावे आदल्या बैठकीतच ठरवा. पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि पुढे सहा-आठ आठवड्यांचे झाल्यावर टोचणी, असा साधारण क्रम असतो. कोणत्या पक्ष्याला कोणती लस, हे मात्र दवाखान्यातील डॉक्टरांनी सांगावे. मंडळात हुशार माणूस असतोच, पण सुई त्याच्या हाती देऊ नका. आजारी पक्ष्याला लस टोचू नये, तो बाजूला ठेवावा.

आता दर महिन्याच्या बैठकीविषयी. बाजाराचा दिवस टाळा. आमच्या भागात अमावस्येला बैल जुंपत नाहीत, तो दिवस बरा पडतो. बैठक दीड तासाच्या पुढे नेऊ नका. सुरुवात नोंदवहीने करा. प्रत्येक घराने सांगायचे की गेल्या महिन्यात पक्षी किती होते, किती मेले, कशाने मेले असे वाटते, पिले किती निघाली. पंधरा मिनिटांचे हे काम, पण सहा महिन्यांत ती वही बोलू लागते. खालच्या आळीत तीन घरांत एकाच आठवड्यात पक्षी मेले, हे वहीवाचून कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यानंतर एक हाताने करायचे काम आणि वीस मिनिटांच्या आत आटोपणारी एक माहिती. उठण्याआधी पुढच्या बैठकीचे काम कोणाकडे, ते नावानिशी वहीत लिहा. “सर्वांनी मिळून करू” असे लिहिले की ते कोणीच करत नाही.

हाताने करायच्या कामांत सर्वांना रमवणारे काम म्हणजे अंडी पारखणे. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली की सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या बॅटरीवर भोक पाडलेला पुठ्ठा धरा आणि त्यावर अंडे ठेवा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. अंडे नितळ दिसले तर त्यातून काही निघायचे नाही. ते काढून घेतले की कोंबडीची ऊब बाकीच्यांना मिळते. हे पाहायला म्हाताऱ्या आजीसुद्धा येतात. त्याच रात्री मुलांकडून तक्ता करून घ्या: कोंबडीचे पिलू २१ दिवसांत, कबुतराचे साधारण १८, देशी बदकाचे २८. आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ते बहुधा ऑस्ट्रेलियातून आलेले बजरीगर असतात, त्यांचेही १८ दिवसांच्या आसपास. वयात आलेल्या नराच्या चोचीवरची कातडी सहसा निळी असते आणि मादीची तपकिरी. पुष्कळ घरांत दोन माद्या जोडी म्हणून वर्षभर सांभाळलेल्या असतात आणि पिले का होत नाहीत याचा विचार चाललेला असतो!

मृगाच्या आधीची बैठक खुराड्यांच्या डागडुजीची. गळते पत्रे, ओला भुसा आणि त्यातून येणारी रक्ती हगवण, हा पावसाळ्याचा नेहमीचा क्रम आहे. श्रावणात धान्याची बैठक ठेवा: राळे, बाजरी एकत्र घेतली तर भाव पडून मिळतो, आणि समुद्रफेस काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. एक बैठक स्वच्छतेसाठी हवी. ढाबळीतील वाळलेली विष्ठा कोरडीच झाडली तर तिची धूळ छातीत जाते. पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधून झाडावी. हे काम बहुधा घरातील बाईकडे असते, म्हणून ही बैठक दुपारी बायकांच्या सोयीने घ्या.

नोव्हेंबरात ५ ते १२ तारखांना आपल्या राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा. त्या आठवड्यात मुलांना घेऊन पहाटे तळ्यावर जा आणि रानपाखरे मोजा. संक्रांतीनंतर झाडांवर, तारांवर अडकलेला मांजा काढण्याचे काम मुले आनंदाने करतात. विजेच्या तारांपासून मात्र त्यांना दूर ठेवा.

एक गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत नको, ती म्हणजे दर बैठकीला आपापले पक्षी घेऊन येणे. हौस सगळ्यांना असते, पण रोग पसरवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. एका गावातील मंडळाने प्रदर्शन भरवले. एका टेबलावर पिंजऱ्याला पिंजरा लावला आणि पाण्याच्या वाट्याही एकमेकांत फिरल्या. पुढच्या पंधरवड्यात चार घरांच्या ढाबळी बसल्या, आणि मंडळही बसले. प्रदर्शन वर्षातून एकदाच, लस दिलेल्या पक्ष्यांचे, प्रत्येकाचा पिंजरा वेगळा आणि मध्ये अंतर राखून भरवा. घरी गेल्यावर तो पक्षी किमान पंधरा दिवस इतरांपासून दूर ठेवावा. बाजारातून आणलेल्या नव्या पक्ष्यालाही तोच नियम. एरवी पक्षी पाहायचे तर त्यांच्या घरी जाऊन पाहा, हात धुऊन.

पोपटाचा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघेल. रानातला पोपट, मैना, मुनिया, तितर, मोर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, त्यांना पकडता, विकता किंवा पिंजऱ्यात ठेवता येत नाही. ज्याच्या घरी पोपट आहे त्याला चारचौघांत लाजवू नका. पण वर्षानुवर्षे पिंजऱ्यात असलेला पक्षी एकदम सोडला तर त्याला चारा शोधता येत नाही, कावळे-मांजरे त्याला ठेवत नाहीत. वन विभागाला कळवून त्यांच्या सल्ल्याने करावे. मकाव, आफ्रिकन करडा पोपट असले परदेशी पक्षी कोणी आणले असतील तर त्यांच्या नोंदणीची चौकशीही तेथेच करावी. कोंबड्यांच्या झुंजी मंडळाच्या नावावर होऊ देऊ नका.

राहिले बर्ड फ्लूचे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला तो आपल्या देशात प्रथम आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा एकाएकी बरेच पक्षी मेले, मग ते पाळलेले असोत की तळ्यावरचे, तर त्यांना हात लावायचा नाही, ओढ्यात फेकायचे नाही, घाईने विकायचे किंवा खायचे तर मुळीच नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे. हे काम कोणाचे, ते नाव नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि तो गावाला गेला असेल तर त्याच्या जागी कोण, तेही.