चेटकिणीला प्रश्न विचारताना : बालनाट्य आणि साचेबंद प्रतिमा

मराठी बालनाट्याच्या वाटचालीचा परिचय आपण मागील घटकात करून घेतला. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण हे या परंपरेतील अत्यंत लोकप्रिय पात्र. दिलीप प्रभावळकर आणि पुढे वैभव मांगले यांनी साकारलेल्या या चेटकिणीला मुले घाबरतात आणि तिच्यावर लोभही करतात. अशा गमतीदार पात्राचा पूर्वग्रहाशी काय संबंध, असा प्रश्न आपल्याला पडेल.

एखाद्या समूहातील सर्वांना आधीच ठरलेल्या एकाच वर्णनात बसवणे म्हणजे साचेबंद प्रतिमा. विस्कटलेले केस, वाकलेली पाठ, एकटे राहणे एवढ्या खुणांवरून ‘दुष्ट बाई’ ओळखायला मूल गोष्टींतूनच शिकते. सातपुड्यातील काही गावांत स्त्रियांना ‘डाकीण’ ठरवून छळल्याच्या घटना घडल्या आहेत आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. या छळाचा दोष बालनाट्याला देणे अन्यायाचे ठरेल. पण दिसण्यावरून स्वभाव ठरवण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून चेटकिणीला रंगमंचावरून हद्दपार करावे काय? खलपात्राविना बालनाट्य अळणी होईल. त्यापेक्षा तिला बोलते करावे. नाट्यवाचनानंतर शिक्षिकेने खांद्यावर एक जुनी शाल घेऊन खुर्चीवर बसावे. शाल अंगावर असेपर्यंत ती चेटकीण. दुसरी-तिसरीच्या मुलांनी तिला हवे ते विचारावे. तू एकटी का राहतेस? तुला चेटकीण पहिल्यांदा कोण म्हणाले? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नये. मुलांना उत्तरे सुचवू द्यावीत. खरी चर्चा तेथेच सुरू होते.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांच्या ‘फोरम थिएटर’मध्ये प्रेक्षक प्रयोग थांबवतो, स्वतः रंगमंचावर येतो आणि प्रसंगाला वेगळे वळण देऊन पाहतो. वर्गातही गावकरी चेटकिणीच्या दारी चालून येतात असा छोटा प्रसंग रचून, तो मध्येच थांबवून, ‘आता येथे कोण काय बोलेल?’ असे विचारता येते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. वर्णावरून, बोलीवरून वा जातीवरून ज्याला वर्गात चिडवले जाते, त्या मुलावर छळ सोसणाऱ्या पात्राची भूमिका लादू नये. त्याने पात्राच्या आडून बोलावे की गप्प बसावे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. ‘आपल्यात असे कोण वागते?’ हा प्रश्नही टाळावा, कारण तो ऐकताच मुले एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. याउलट कोणी शाल मागू लागले, तर तास थोडा लांबला तरी ती अवश्य द्यावी.