रुळाचा सांधा आणि भूमीची साथ



मराठीत ‘सांधा’ हा शब्द शरीराला, लाकडाला आणि लोखंडाला सारखाच लागू पडतो. रेल्वेचे सारे सामर्थ्य रुळात असते, आणि तिची खरी परीक्षा होते ती रुळाच्या सांध्यात.

पूर्वी दोन रूळ पट्ट्या व बोल्ट यांनी जोडीत. आज ते वितळलेल्या पोलादाने एकजीव करतात. लोहाचे ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचे मिश्रण पेटविले की प्रचंड उष्णता निर्माण होऊन पोलादाचा रस तयार होतो. तो साच्यातून रुळांच्या टोकांमधील फटीत ओततात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली ही क्रिया आजही रूढ आहे. परंतु याच सांध्यात कधी हवेचा बुडबुडा राहतो, कधी मळी अडकते, आणि चाकांच्या सततच्या आघातांनी तेथे तडा वाढत जातो.

तो तडा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रुळावरून ढकलत नेण्याच्या छोट्या ट्रॉलीतून पोलादात ध्वनिलहरी सोडतात. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या या लहरी तड्यावर आदळून परत फिरतात आणि दोषाची जागा सांगतात. दोष गंभीर असल्यास सांध्याला बाक दिलेल्या पट्ट्या आवळून गाडीचा वेग कमी करतात. हा झाला प्रथमोपचार.

खरी शस्त्रक्रिया पुढे असते. जुन्या पद्धतीत सदोष सांध्यासह काही मीटर रूळ कापून नवा तुकडा बसवावा लागे. त्यामुळे एक वाईट सांधा जाऊन दोन नवे सांधे येत, म्हणजे दोषाची शक्यता दोन ठिकाणी उत्पन्न होई. भारतीय रेल्वेवर रूढ झालेल्या रुंद फटीच्या पद्धतीने हे टळले. नेहमीची फट सुमारे २५ मिलिमीटरांची असते. येथे सदोष सांधाच तेवढा कापून ७५ मिलिमीटरांची फट एकाच वेळी भरतात. एका सांध्याच्या जागी एकच सांधा राहतो. काही देशांत याही पुढचे पाऊल पडले आहे. दोष रुळाच्या केवळ माथ्यात असेल, तर तेवढाच भाग काढून तेथे पोलाद भरतात. रुळाचा पाया अखंड राहतो, आणि उन्हाथंडीने प्रसरण-आकुंचन पावणाऱ्या लांब रुळातील ताणाचा समतोल ढळत नाही. कमीत कमी कापावे, हेच या सुधारणांचे सूत्र होय.

परंतु रूळ निर्दोष असला तरी भूमीने साथ द्यावी लागते. आपल्या डिचोलीच्या भूमीने जगाला लोहखनिज पुरविले, तर शेजारच्या पेडण्याने लोखंडी वाट आपल्या पोटात घेतली. तेथील मऊ, पाणी धरणाऱ्या मातीतील सुमारे दीड किलोमीटरच्या बोगद्याने अभियंत्यांची कठोर परीक्षा पाहिली. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीस खुला झाला, त्यास लागलेल्या विलंबाचे एक प्रमुख कारण हाच बोगदा होता. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि अनेक गाड्या पुणे-मिरज मार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्यात चिखलपाणी शिरून वाहतूक पुन्हा थांबली. त्याआधी, २२ जून २००३ रोजी, वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासाच्या आसपास प्रवासी प्राणांस मुकले. तेथे दोष पोलादात नव्हता. तो डोंगरउतारात होता.

म्हणूनच कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करून वेगळे वेळापत्रक लागू होते. दरडींना जाळ्या घालतात, आणि भर पावसात, रात्रीच्या काळोखात, हाती दिवा घेतलेला कर्मचारी रुळावरून गस्त घालतो. ध्वनिलहरी रुळाच्या अंतरंगाचा ठाव घेतात; वाहून चाललेली माती आणि सैल झालेला दगड मात्र प्रथम या माणसालाच दिसतो.

थिवी स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या डिचोलीकराला यांपैकी काहीच दिसत नाही. गाडी वेळेवर आली एवढेच तो जाणतो. उत्तम दुरुस्तीचे लक्षणच असे की ती झाली हे प्रवाशाला कळतही नाही. या शाळेतून उद्या अभियंते घडतील, तसे रूळ तपासणारे हातही घडतील. दोहोंचा मान आपण सारखाच राखला पाहिजे.