काचेच्या टाकीतील शेजारी

घरात मासे पाळावयाचे म्हटले की, मुले प्रथम रंग पाहतात. एक लाल, एक पिवळा, एक पट्ट्यापट्ट्यांचा असे मासे आणले जातात, आणि आठवड्याभरात टाकीत एकदोनच उरतात. रंगाआधी पाणी पाहावयास हवे.

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीचेच उदाहरण घ्या. हा मुलूख काळ्या खडकाचा. खडकांतून झिरपलेल्या विहिरींच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. साबणाला फेस कमी येतो, पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर बसतो. अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात. निऑन टेट्रा हा चिमुकला, चमकदार मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला; तेथील पाणी सुफेन असते. विहिरीच्या पाण्यात तो सहसा फार दिवस काढीत नाही. मोली आणि गप्पी यांना मात्र दुष्फेन पाणीच मानवते. डासांच्या अळ्या खातो म्हणून पाण्याच्या टाक्यांत सोडतात, तोच हा गप्पी!

उन्हाळ्यात येथे पारा ४० अंशांच्या वर चढतो. पाणी तापले म्हणजे त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोल्डफिश हा मूळचा चीनमधील, थंड पाण्यात सुखाने राहणारा. शिवाय तो वीतभर वाढतो आणि पाणी लवकर घाण करतो. काचेच्या लहानशा गोल भांड्यात त्याला ठेवणे म्हणजे त्याचा छळच होय.

पाणी जुळले, तरी स्वभाव जुळावे लागतात. फायटर माशाचे दोन नर एकत्र आले की झुंज ठरलेली. गप्पीची रंगीत शेपटी दिसली, तरी त्याला ती वैऱ्याचीच वाटते. टायगर बार्ब दुसऱ्यांचे लांब पर कुरतडतो. एंजल मासा लहानपणी गरीब दिसतो, पण मोठा झाला की तोंडात मावेल तो शेजारी गिळतो. याउलट झेब्रा मासा हा भारतातल्याच ओढ्यांतला, काटक आणि कळपाने राहणारा. एकटा ठेवला तर तो बुजतो. साठ लिटर पाण्याच्या टाकीत सहा झेब्रा आणि सहा गप्पी गुण्यागोविंदाने नांदतात. गप्पी मात्र सारे नरच घ्यावेत. नाही तर दोनतीन महिन्यांत टाकी पिलांनी भरून जाते.

दुकानात 'टाकी साफ करणारा' म्हणून मिळणारा सकर मासा घेताना बोटाएवढा असतो. पुढे तो हातभर होतो. मग कंटाळलेले लोक त्याला नदीत सोडून देतात. ही दया नव्हे. कुर्डुवाडीच्या पश्चिमेस भीमेवर १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण आहे. त्याच्या जलाशयात आफ्रिकेतून आलेली चिलापी आधीच माजली आहे. जाळ्यात स्थानिक माशांपेक्षा तीच अधिक सापडते. आता तेथे दक्षिण अमेरिकेतला हा सकरही आढळू लागला आहे. त्याचे अंग खरखरीत आणि काटेरी. मच्छीमारांची जाळी तो फाडतो, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.