डिफिब्रिलेटरची तपासणी आणि तिचा कोड : काही गैरसमज

पुण्यात, ऐरोलीत बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांचे चार्ट कोड करणारी बरीच मराठी मुलंमुली आज आहेत. त्यांच्यासाठी आणि या कामाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. छातीत कातडीखाली बसवलेला डिफिब्रिलेटर हृदयाची घातक लय ओळखतो आणि शॉक देऊन ती मोडतो. त्याच्या तपासणीचे सध्याचे सीपीटी कोड, म्हणजे अमेरिकेत वैद्यकीय सेवांच्या बिलासाठी वापरले जाणारे कोड, मुख्यतः २००९ पासून लागू आहेत. कोड चुकला की फार तर क्लेम परत येईल, असं नवख्यांना वाटतं. पण मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या अमेरिकेच्या सरकारी विम्याच्या, पार्ट बीमध्ये वार्षिक डिडक्टिबल भरून झाल्यावर मंजूर रकमेचे २० टक्के साधारणपणे रुग्णाकडून जातात. वाढीव कोड मंजूर झाला, तर तो भुर्दंड एखाद्या वयस्क हृदयरुग्णावर बसतो.

‘सेटिंग बदललं नाही, म्हणजे प्रोग्रामिंग झालं नाही’

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. चार्टच्या शेवटी ‘कोणताही बदल नाही’ असं दिसलं, की कोडर नुसत्या वाचनाचा, म्हणजे इंटरोगेशनचा ९३२८९ हा कोड टाकून मोकळा होतो.

तपासणीच्या खोलीत काय होतं ते पाहा. पेसिंगचं, म्हणजे हृदयाचा ठोका पाडणाऱ्या विजेचं, व्होल्टेज २.५ वर आहे. तंत्रज्ञ ते प्रोग्रामरवरून पायरीपायरीने खाली आणतो. १ ला प्रत्येक ठोका पडतो, ०.७५ लाही पडतो, ०.५ ला एक ठोका हुकतो. म्हणजे थ्रेशोल्ड, ठोका पाडणारं सर्वांत कमी व्होल्टेज, ०.७५. एवढं कळल्यावर व्होल्टेज पुन्हा २.५ वर नेऊन ठेवतात. सेटिंग होतं तसंच राहिलं, पण यंत्राला तात्पुरते बदल करायला लावून त्याचं काम तपासलं गेलं. सीपीटीच्या लेखी हेच प्रोग्रामिंग. अंतिम सेटिंग बदलेल किंवा बदलणार नाही, असं नियमातच स्पष्ट म्हटलं आहे.

मात्र चार्टमध्ये त्याचा पुरावा हवा. सध्याची सेटिंग्ज, लीड (यंत्राची वायर), बॅटरी, कॅप्चर (दिलेल्या विजेने ठोका पडणं) आणि सेन्सिंग (हृदयाचे ठोके ओळखणं), घातक लयीसाठी उपचार द्यावा लागला की नाही, आणि हृदयाची मूळ लय या सगळ्याचं मूल्यमापन नोंदलेलं असावं लागतं. मथळा ‘प्रोग्रामिंग’ आणि खाली फक्त यंत्रातून वाचलेली माहिती, असा रिपोर्ट मथळा पाहून कोड करू नका. एकाच भेटीसाठी इंटरोगेशन आणि प्रोग्रामिंग असे दोन्ही कोड तर कधीच नाहीत.

‘वायरी मोजल्या की कोड मिळतो’

शिरेतून लीड गेलेल्या डिफिब्रिलेटरच्या प्रोग्रामिंगसाठी ९३२८२ सिंगल, ९३२८३ ड्युअल आणि ९३२८४ मल्टिपल लीडचा. नावात लीड आहे, म्हणून लोक लीड मोजतात. व्याख्या मात्र पेसिंग आणि सेन्सिंग हृदयाच्या किती कप्प्यांत होतं यावर बेतलेली आहे. जुनी लीड निकामी झाली, ती काढणं जोखमीचं म्हणून टोपण घालून तशीच आत ठेवली आणि शेजारी नवी घातली, असे रुग्ण असतात. त्यांच्या एक्स-रेमध्ये तीन वायरी दिसतात, काम मात्र दोनच कप्प्यांत चालतं. तिथे कोड ९३२८३. ज्याची लीडही कातडीखालीच राहते, शिरेत शिरत नाही, अशा डिफिब्रिलेटरचा कोड वेगळा, ९३२६०.

डिफिब्रिलेटर पेसिंगही करतो, एवढ्यावरून पेसमेकरचे कोड लावलेलेही पाहायला मिळतात. शॉक देण्याची सोय असलेलं यंत्र हे डिफिब्रिलेटरच.

‘घरून आलेल्या प्रत्येक ट्रान्समिशनचं बिल होतं’

होत नाही. रुग्ण घरी असताना यंत्राची माहिती दुरून वाचणं म्हणजे रिमोट इंटरोगेशन; त्यातला डॉक्टरांचा भाग ९३२९५ आणि तांत्रिक भाग ९३२९६. हे कोड ९० दिवसांपर्यंतच्या काळासाठी एकदाच लागतात. मध्ये ट्रान्समिशन एक आलं काय किंवा पाच आली काय, बिल तेवढंच. देखरेख ३० दिवसांपेक्षा कमी झाली असेल तर हे कोड लागतच नाहीत. त्या काळात रुग्ण दवाखान्यात येऊन नुसतं इंटरोगेशन करून गेला, तर ते वेगळं लावता येत नाही. प्रत्यक्ष प्रोग्रामिंग झालं असेल तर ते लावता येतं. हा हक्काचा पैसा पुष्कळ दवाखाने भीतीपोटी सोडून देतात.

‘ऑपरेशनच्या वेळचं काम त्यातच धरलं जातं’

कोणतं ऑपरेशन, हे आधी पाहा. डिफिब्रिलेटर बसवतानाच केलेली तपासणी बसवण्याच्या कोडमध्येच आली. पण त्याच रुग्णाची पुढे कधी पित्ताशयाची शस्त्रक्रिया निघाली, तर कॉटरीच्या (विजेने ऊतक जाळून रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाच्या) विजेला यंत्र घातक लय समजून शॉक देऊ शकतं. म्हणून आधी यंत्राची तपासणी करून शॉकची सोय बंद करतात आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तपासून ती चालू करतात. या कामाचा कोड ९३२८७. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही कामं केली असतील तर तो दोनदा लागतो.

‘कंपनीच्या माणसाने तपासलं, तरी डॉक्टरांचं बिल लागतं’

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी अनेकदा प्रोग्रामर हाताळतो. पण डॉक्टरांचं बिल लागतं ते त्यांच्या विश्लेषणाचं आणि रिपोर्टचं. प्रतिनिधीचा प्रिंटआउट चार्टला जोडलेला आहे आणि डॉक्टरांचा शब्दही नाही, अशा वेळी २६ मॉडिफायर लावून डॉक्टरांचा भाग मागता येत नाही. असा चार्ट कोड न करता प्रश्न लिहून परत पाठवावा. निदानाचा कोडही लावण्यापूर्वी भेट कशासाठी होती ते वाचा. झेड ९५.८१० एवढंच सांगतो की यंत्र शरीरात आहे; यंत्र जुळवायला आलेल्या रुग्णासाठी झेड ४५.०२ आहे.