वर्गात रोज चाळीस मिनिटं वाचनाची

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या निघतात. काही पोरं आईबापांबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात. उसाच्या फडावरून परतलेलं मूल जोडाक्षराशी अडखळतं, तर शेजारचं गोष्टीचं पुस्तक संपवून दुसरं मागतं. अशा वर्गात सगळ्यांनी एकच धडा सुरात म्हणून काय होणार?

म्हणून या चाळीस मिनिटांची मांडणी साधी ठेवा. पहिली दहा मिनिटं बाईंनी किंवा गुरुजींनी गोष्ट मोठ्यानं वाचावी, अगदी रंगवून. पुढची वीस मिनिटं खरी कळीची. मुलं जोडीनं आपापल्या पातळीचं वाचतात आणि शिक्षक फक्त चार-पाच जणांजवळ बसतात. मूल ‘पाऊस’ला ‘पाणी’ म्हणालं, तर लगेच टोकू नका. वाक्य पुरं होऊ द्या, मग विचारा, “शेवटचं अक्षर कोणतं रे?” उरलेल्या वेळात वाचलेल्यावर गप्पा.

पुस्तकांचं कपाट कुलपात नको! भिंतीला सुतळी बांधून मुलांच्या हाताला येतील अशी पुस्तकं लटकवा. फाटतील? फाटू देत, डिंक आहे की.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या सरकारी अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचण्याचं लक्ष्य आहे. ते घड्याळ शिक्षकाच्या डोक्यात असावं, मुलाच्या नको. भराभर वाचणाऱ्याला ‘मग पुढं काय झालं?’ विचारून बघा.

आणि फडावर निघालेल्या मुलाच्या पिशवीत दोन पुस्तकं जरूर टाका. ती परत येऊन नोंदवहीत जमा होतील का, याची फार चिंता करू नका.