‘लहरी’ या शब्दाविषयी

बालपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर ‘मुलगा लहरी आहे’ असा शेरा आला आणि वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मूळ संस्कृतात ‘लहरी’ म्हणजे मोठी लाट; जगन्नाथ पंडिताच्या ‘गंगालहरी’त तीच आहे. मराठीत झोपेची, विषाची, रागाचीही लहर येते. येथे कर्ता लहर. माणूस केवळ तिच्या वाटेत उभा. विशेषण होताच मात्र ती क्षणिक लाट त्याचा कायमचा स्वभाव ठरली. मौज अशी, की आमच्या इंदुरात शेजारचे हिंदी भाषक मला कौतुकाने ‘मनमौजी’ म्हणत. ही ‘मौज’ अरबीतून आलेली. तेथेही तिचा अर्थ लाटच! वडिलांना हे सांगावयाचे राहून गेले.