आधी ग्रुपिंग, मग गुण

जबलपूरमध्ये अधारताल ओलांडलं की रिछाईचं औद्योगिक क्षेत्र लागतं. जबलपूर हे मुळात कारखान्यांचं शहर. तोफगाड्यांचा कारखाना इथे १९०४ मध्ये सुरू झाला, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा आला, मग लष्करी वाहनांचा. मराठी कुटुंबं इथे स्थिरावली त्यामागे हे कारखाने, रेल्वे आणि जुन्या मध्य प्रांताच्या कचेऱ्या होत्या. अशा वस्तीतल्या मुलाला 'खेळतोस का?' विचारलं, तर तो क्रिकेटचंच उत्तर देणार. पण याच शहरात, राणीतालच्या क्रीडा संकुलात, मध्य प्रदेश सरकारची तिरंदाजी अकादमी आहे. जबलपूरची मुस्कान किरार याच अकादमीतून पुढे आली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सांघिक रौप्य मिळवणाऱ्या तिघींपैकी एक ठरली. अंतिम फेरीत भारत दक्षिण कोरियाकडून २२८–२३१ असा हरला. तीन गुणांचा फरक.

तिरंदाजीत गुणांची भाषा लवकर डोक्यात शिरते, आणि मुलांच्या बाबतीत तोच धोका. पहिल्याच आठवड्यात एखादा बाण पिवळ्या वर्तुळात बसतो, घरी फोटो जातो, आजी पेढे वाटते. तो बाण नशिबाचा होता हे सांगायची हिंमत प्रशिक्षकात लागते. म्हणूनच जाणते प्रशिक्षक नवख्या मुलासमोर सुरुवातीला लक्ष्याचा कागदच लावत नाहीत. नुसती मोकळी बट, म्हणजे बाण रुतायचा जाड गठ्ठा, तीसुद्धा चार-पाच मीटरवर. नेम धरायला काही नसलं की मुलाचं लक्ष आपोआप स्वतःच्या अंगाकडे वळतं. पाय खांद्याइतक्या अंतरावर, वजन दोन्ही तळव्यांवर सारखं. धनुष्य मुठीत आवळायचं नाही, अंगठ्याच्या मुळाशी नुसतं टेकवायचं. दोरी दंडाच्या जोरावर न ओढता पाठीच्या स्नायूंनी ओढायची. हात हनुवटीखाली किंवा जबड्याच्या कडेला, दर वेळी अगदी त्याच जागी येऊन थांबला पाहिजे. याला मैदानावर 'अँकर' म्हणतात. मग बाण सोडायचा आणि तो बटमध्ये रुतेपर्यंत तसंच उभं राहायचं. हे शेवटचं मुलांना सर्वांत जड जातं, कारण बाण कुठे लागला हे बघायची घाई असते. मान वळली की पुढचा बाण बिघडतो.

याच्याही आधी आणखी एक काम असतं, आणि ते पुष्कळ ठिकाणी राहून जातं. मुलाचा कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहावं लागतं. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटी फट ठेवायची, त्या फटीतून दूरची एखादी वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना वस्तू फटीत दिसत राहते तो प्रबळ. एखाद्या उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर धनुष्य कोणत्या हातात द्यायचं हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. दोन वर्षांनी तो घेणं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग लक्ष्याचा कागद लागतो, आणि इथे प्रशिक्षकाची खरी परीक्षा असते. एका मुलाचे सहा बाण कागदभर विखुरलेत, त्यातला एक दहावर. दुसऱ्याचे सहाही बाण खालच्या डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत, दोन-तीन गुणांच्या पट्ट्यात. फळ्यावर पहिला पुढे दिसेल. पण दुसऱ्याचं ग्रुपिंग, म्हणजे बाण एकमेकांजवळ पडणं, चांगलं आहे. धनुष्यावरची नेम धरायची साइट बाणांच्या दिशेने थोडी सरकवली की तेच बाण मध्याकडे येतील. पहिल्याला सरकवण्यासारखं काही नाही, त्याची प्रत्येक कृती वेगळी आहे. फळ्यावरच्या गुणांनी मुलांची रांग लावणारा प्रशिक्षक या दुसऱ्या मुलाला रांगेत मागे उभं करतो. माझ्या मते लहान वयातल्या बहुतेक चुकीच्या निवडी इथेच होतात, आणि हे तिरंदाजीपुरतं नाही.

कंपाउंड धनुष्याचा मोह वेगळाच. त्याच्या दोन्ही टोकांच्या चाकांमुळे दोरी ओढायला सुरुवातीला जड आणि पूर्ण ओढल्यावर हलकी लागते. पन्नास पौंडांचं धनुष्य ताणून धरताना हातावर जेमतेम दहा-पंधरा पौंड येतात. त्यामुळे बारा वर्षांचा मुलगाही 'जमतंय की' म्हणतो. पण ती सुरुवातीची ओढ वाढत्या खांद्याला पेलायची असते, आणि खांदा दुखावलाय हे मूल महिनाभर कुणाला सांगत नाही. सामान परदेशी, किंमत लाखांच्या घरात, म्हणून पालकही 'मोठं झाल्यावर लागेल तेच आत्ता घेऊ' असा हिशेब करतात. शाळेच्या बुटांना तो हिशेब चालतो, धनुष्याला नाही. मूल उंच होतं तशी त्याची ओढण्याची लांबी बदलते आणि धनुष्य पुन्हा जुळवावं लागतं. बांबूच्या भारतीय धनुष्यावर केलेली सुरुवात त्या मानाने स्वस्त, आणि अंगाला वळण लावायला पुरेशी.

या पायाचं फळ कसं दिसतं ते साताऱ्याने दाखवलं. प्रवीण सावंत यांच्या दृष्टी आर्चरी अकादमीत घडलेली अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली. अंतिम फेरीत १४९–१४७. त्याच दिवशी याच अकादमीतला ओजस देवतळे, मूळचा नागपूरचा, १५०–१४९ असा जिंकला. दीडशे म्हणजे पंधरा बाण, पंधराही दहावर. कंपाउंडचं अंतर ५० मीटर आणि दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचं, साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. त्या दडपणाखाली पंधराव्या बाणालाही पहिल्यासारखाच अँकर सापडणं ही निव्वळ सवयीची कमाई.

म्हणजे लहानपणापासून रोज तेच घोटत राहायचं का? इथे मात्र हात आखडता घ्यावा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की एकाच खेळाला वाहून घेणं साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून सुट्टी द्यावी. नॉर्वेत तर अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेत निकालाची यादी लावत नाहीत, आणि तरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो देश सगळ्यांच्या पुढे असतो. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर मेजर ध्यानचंद. १९२२ मध्ये सैन्यात भरती होईपर्यंत ते हॉकी म्हणावी अशी खेळलेच नव्हते. सुभेदार मेजर बाले तिवारींनी त्यांना पलटणीत हॉकी शिकवली.

लहान वयात धावणं, उडी, तोल, पकड, फेक या हालचाली अंगात मुरल्या पाहिजेत. त्यासाठी मराठी माणसाला परदेशी आराखडा शोधायची गरज नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रूढ केलेला मल्लखांब खांदे, पोट आणि पकड एकदम घडवतो, म्हणजे धनुष्य धरणाऱ्या मुलाला लागतं ते जवळजवळ सगळं. आणि मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबालाच राज्याचा खेळ केलं! खो-खोमधून वेग आणि दिशा बदलण्याची हुशारी येते, आणि त्याला लागतं एक मोकळं आवार आणि दोन खांब. रिछाईच्या शेडांच्या मागेही तेवढी जागा निघेल.

तिरंदाजी मात्र मोकळ्या जागेत, देखरेखीशिवाय, कधीच नको. मैदानावर दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण सोडायचा, तीन झाल्या की बाण आणायला जायचं. पाच किंवा जास्त झाल्या की हातातलं सगळं जागच्या जागी थांबवायचं. हे ज्या शिबिरात पहिल्या तासाला शिकवत नाहीत, तिथे मुलाला दुसऱ्या तासाला पाठवू नये.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच असणार आहे. त्यामुळे शिबिरांच्या जाहिराती वाढतील आणि 'ऑलिंपिकचं प्रशिक्षण' हे शब्द दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांनाही विकले जातील. फी भरण्याआधी तिथल्या सरांना तीनच गोष्टी विचारा: मोकळ्या बटवर किती आठवडे ठेवणार, धनुष्याचे पौंड कोण आणि किती दिवसांनी तपासणार, सुट्टीचा वार कोणता? तिन्हींची उत्तरं न अडखळता आली, तर पैसे भरा.